पिच आधी, थ्रॉटल नंतर: आरसी हेलिकॉप्टरची सेटिंग समजून घेताना

आरसी (रेडिओ कंट्रोल) हेलिकॉप्टर नव्याने घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण ट्रान्समीटरच्या डाव्या स्टिकला ॲक्सिलरेटर समजतो. स्टिक वर केली की मोटर जोरात फिरणार आणि हेलिकॉप्टर वर जाणार, असा सरळ हिशोब. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या फुटपाथवर मिळणाऱ्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरला हा हिशोब लागू पडतो, कारण त्याच्या पात्यांचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो. वर-खाली जायला फेरे कमी-जास्त करण्याशिवाय त्याच्याकडे दुसरा उपाय नाही.

कलेक्टिव्ह पिचच्या, म्हणजे पात्यांचा कोन उडताना बदलता येणाऱ्या, मॉडेलमध्ये मात्र ही स्टिक एकाच वेळी दोन कामं करते. मोटरला किती ताकद द्यायची ते ती सांगते, आणि पात्यांचा कोन, म्हणजे पिच, किती ठेवायचा तेही तीच सांगते. हेलिकॉप्टर वर-खाली होतं ते पिचमुळे. मोटरचं काम एवढंच, की पिच काहीही असो, रोटरचे फेरे ढळू द्यायचे नाहीत. रोटरच्या या फेऱ्यांना हेडस्पीड म्हणतात. हेडस्पीड सांभाळणारा तो थ्रॉटल आणि उचल ठरवणारा तो पिच, ही वाटणी एकदा मनात पक्की झाली की ट्रान्समीटरच्या स्क्रीनवरचे कर्व्हचे, म्हणजे स्टिकच्या पाच जागांसाठी ठरवलेले, ते पाच-पाच आकडे अंगावर येत नाहीत.

फेरे स्थिर ठेवण्याचा एवढा आग्रह का, ते आधी पाहू. पात्याची उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्के वाढले तर उचल सुमारे २१ टक्के वाढते, आणि त्यासाठी लागणारी ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे फेऱ्यांत थोडा जरी फरक पडला तरी हेलिकॉप्टर लगेच उसळतं किंवा बसतं. शिवाय फिरणारा रोटर जड असतो, त्याचे फेरे वाढायला आणि उतरायला वेळ लागतो. पिच मात्र सर्व्हो (पात्यांचा कोन हलवणारी छोटी मोटर) हलला की डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच बदलतो. जमिनीपासून दोन फुटांवर हेलिकॉप्टर खाली येत असताना फेरे वाढण्याची वाट कोण बघणार? त्यात मागचा छोटा रोटर मुख्य रोटरशीच गिअरने किंवा बेल्टने जोडलेला. मुख्य रोटर मंदावला की शेपटीची ताकदही जाते आणि जायरोला (शेपूट वळते का ते ओळखून सावरणाऱ्या सेन्सरला) शेपूट धरून ठेवता येत नाही.

रोजच्या अनुभवातलं एक उदाहरण देतो. स्कूटरवर मागे कोणी बसलंय आणि नागपूर स्टेशनजवळच्या रामझुला पुलाचा चढ लागला, तर वेग तोच ठेवायला मूठ थोडी जास्त पिळावी लागते. पिच म्हणजे तो चढ आणि थ्रॉटल म्हणजे ती मूठ. चढ जेवढा, तेवढीच मूठ. थ्रॉटल कर्व्ह बसवणं म्हणजे स्टिकच्या प्रत्येक जागी ही जोडी जुळवून ठेवणं.

टेबलावरचं काम

पिच टेबलावर, गेज लावून बसवायचा असतो, आणि थ्रॉटलला हात लावायच्या आधी. क्रम उलटा झाला की माणूस मैदानावर तासन् तास आकडे फिरवत बसतो आणि हेलिकॉप्टर काही शहाणं होत नाही.

सगळ्यात आधी मोटरच्या तीनपैकी दोन वायर काढून ठेवा. ४५० साइजच्या मॉडेलचा रोटर साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचा असतो. मिनिटाला २८०० फेऱ्यांना त्याच्या पात्याचं टोक ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास पळत असतं. टेबलावर चुकून मोटर सुरू झाली तर बोटं वाचत नाहीत. ज्यांना ही खबरदारी कंटाळवाणी वाटते त्यांनी हा छंदच धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पिच कर्व्ह सरळ रेषेत, म्हणजे ०-२५-५०-७५-१०० असा ठेवा आणि स्टिक बरोबर मध्यावर आणा. या जागी तिन्ही सर्व्होंचे हात आपापल्या लिंकशी ९० डिग्रीत हवेत. हात सर्व्होच्या दातांवर जेवढा जवळ बसेल तेवढा बसवून उरलेला थोडा फरक ट्रान्समीटरमधल्या सबट्रिमने (बारीक दुरुस्तीने) काढा. हात तिरका राहिला तर सर्व्हो वर जाताना आणि खाली येताना सारखं अंतर कापत नाही. मग वरच्या बाजूला ११ डिग्री मिळतात आणि खालच्या बाजूला ९ वरच गाडी अडते. त्यानंतर लेव्हलर लावून स्वॉशप्लेट (सर्व्होंची हालचाल पात्यांपर्यंत पोचवणारी चकती) मेन शाफ्टला काटकोनात आणायची. शेवटी पात्याला पिच गेज अडकवून स्वॉशप्लेटपासून ग्रिपपर्यंतच्या (पातं धरणाऱ्या भागापर्यंतच्या) लिंक अशा फिरवायच्या, की दोन्ही पात्यांवर बरोबर शून्य दिसेल. या शून्यावर पुढचं सगळं उभं राहतं. घाई करायची तर दुसरीकडे करा, इथे नको.

गेज वाचताना एक गोष्ट बारकाईने पाहा. पात्याची मागची कड बोटाने हलकीच वर दाबा आणि सोडा. आकडा अर्धा डिग्री सरकून तिथेच राहिला तर दोष तुमच्या सेटिंगचा नाही, बॉल लिंक झिजून सैल झाली आहे. इथल्या काळ्या मातीची धूळ त्या बॉलमध्ये बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. अशी लिंक बदलल्याशिवाय पिच मोजण्यात अर्थ नाही. लिंकच्या एका बाजूला बहुतेक वेळा एक अक्षर कोरलेलं असतं. ती बाजू बाहेर राहिली पाहिजे, म्हणून लिंक पूर्ण फेऱ्यातच फिरवता येते. ४५० च्या हेडवर एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण एक ते दीड डिग्री. त्याहून बारीक फरक हवा असेल तर दोन्ही टोकांना वेगळे पेच असलेली लिंक लागते.

शून्य जमलं की स्टिक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्हीकडे साधारण १० ते ११ डिग्री येईपर्यंत स्वॉश मेन्यूतला पिचचा टक्का कमी-जास्त करा. मग त्याच टोकाला उजवी स्टिक गोल फिरवून बघा. सर्व्हो कण्हायला लागला किंवा लिंक कुठे अडली, तर पिच थोडा कमी करा. १३-१४ डिग्री दिसले म्हणून खूश होऊ नका. तेवढा कोन ओढायची ताकद त्या मोटरमध्ये नसते.

पाच बिंदू आणि त्यांचा अर्थ

नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे उडवायला शिकताना आणि नुसतं तरंगत ठेवताना, पिच तळाशी उणे २ ते ३, मध्यावर अधिक ५ च्या आसपास आणि वरती अधिक ९ ते १० ठेवतात. बहुतेक मॉडेल ५ ते ६ डिग्रीवर तरंगतात, त्यामुळे स्टिक मध्याच्या थोडी वर असताना हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहतं आणि दोन्ही बाजूंना बोटाला जागा मिळते.

तळाशी उणे कशाला, असं इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने मला मैदानावर विचारलं होतं. "काका, खाली यायला शून्य पुरे ना?" वारा नसेल तर पुरतं. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या पडीक वावरावरून हवा वर उठते. तेव्हा शून्य डिग्रीवरचं हलकं मॉडेल खाली यायचं नावच घेत नाही. उणे दोन-तीन असले की तुम्ही त्याला सांगून खाली आणता. त्याहून जास्त उणे मात्र नवशिक्याला देऊ नये. घाबरून स्टिक खाली ओढली की हेलिकॉप्टर जमिनीवर आपटतं.

या पिचला साजेसा थ्रॉटल, गव्हर्नर (फेरे आपोआप स्थिर ठेवणारी सोय) नसलेल्या इलेक्ट्रिक ४५० ला ०-४०-६५-८०-९० असा सुरुवातीला धरून चालतं. हा आकडा पाठ करण्यासारखा नाही, तिथून कान लावून पुढे जायचं असतं. तरंगत्या हेलिकॉप्टरची स्टिक झटकन वर करा आणि ऐका. आवाज खाली बसला, घरघर जड झाली, तर त्या बिंदूवर चढ जास्त आणि मूठ कमी आहे. थ्रॉटल वाढवा. तो आधीच १०० असेल तर पिच कमी करा. उलट आवाज चढत जाऊन किंचाळायला लागला तर थ्रॉटल जास्त झाला. वर जाताना, थांबताना आणि उतरताना आवाजाची पट्टी एकच राहिली की कर्व्ह बसला. हेडस्पीड मोजायला ऑप्टिकल टॅकोमीटर मिळतो, काही ईएससी (मोटरला ताकद मोजून देणारं सर्किट) उड्डाणाची नोंदही ठेवतात. ती साधनं जरूर वापरा. पण हवेत असताना तुमच्याजवळ कानच असतो, त्याला तयार करा.

आयडल-अप मोड कसरतींसाठी आहे. इथे पिच सरळ रेषेत असतो: तळाशी उणे १० ते ११, मध्यावर शून्य, वरती तेवढाच अधिक. उलटं उडताना उणे पिचच हेलिकॉप्टरला उचलून धरतं, म्हणून दोन्ही बाजूंना सारखी ताकद लागते. थ्रॉटल कर्व्हचा आकार त्यातूनच इंग्रजी व्ही अक्षरासारखा होतो. मध्यावर पिच शून्य, ओझं सगळ्यात कमी, म्हणून थ्रॉटलही कमी. दोन्ही टोकांना ओझं जास्त, म्हणून थ्रॉटल पूर्ण. इलेक्ट्रिकला १००-८५-८०-८५-१०० असा उथळ व्ही चालतो. द्रव इंधनावर चालणाऱ्या नायट्रो इंजिनला मधला बिंदू बराच खाली, ५० ते ६० च्या घरात, ठेवावा लागतो. रामझुल्याचं उदाहरण इथे पुरत नाही, कारण हेलिकॉप्टरला उतारावरसुद्धा मूठ पिळावी लागते.

या दोन मोडमध्ये बदल करायचा तो हवेत, स्टिक तरंगण्याच्या जागी असताना. नॉर्मलमध्ये तरंगताना जो पिच आहे तो आयडल-अपमध्ये स्टिकच्या बऱ्याच वरच्या जागी येतो, त्यामुळे बटण टाकलं की हेलिकॉप्टर झपकन खाली बसतं. ते आधीच माहीत असावं. जमिनीवर स्टिक तळाशी असताना आयडल-अप कधीही लावू नका. नॉर्मलमध्ये तिथे मोटर बंद होती, आता एकदम १०० टक्के होईल, तीही उणे ११ डिग्रीला. दर वेळी बॅटरी जोडण्यापूर्वी थ्रॉटल होल्डचं (मोटर बंद ठेवणारं) बटण लागलेलं आहे ना ते बघायची सवय याचसाठी लावून घ्यायची.

गव्हर्नर असेल तर

आता बऱ्याच ईएससीमध्ये गव्हर्नर येतो. तो स्वतःच फेरे मोजतो आणि ओझ्याप्रमाणे ताकद कमी-जास्त करतो. तिथे थ्रॉटल कर्व्ह सपाट ठेवायचा: ७०-७०-७०-७०-७०. हा आकडा म्हणजे ताकद नव्हे, किती फेरे हवेत त्याची मागणी. त्याला व्ही आकार दिला तर गव्हर्नरला तुम्ही दर क्षणी वेगळे फेरे मागत राहता.

गव्हर्नरवर मात्र एक गैरसमज चिकटलाय, की तो असला म्हणजे बाकी काही बघायला नको. त्याच्याकडे राखीव ताकद असेल तरच तो फेरे धरू शकतो. तुम्ही मोटरच्या कमाल मर्यादेजवळचे फेरे मागितले तर पूर्ण पिचला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. फार खालचे मागितले, म्हणजे ५०-५५ टक्के, तर अर्धवट थ्रॉटलवर ईएससी तापतो. म्हणून हवा तो हेडस्पीड ७० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान यावा असा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) निवडायचा. हिशोब सोपा आहे. मोटरचा केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) गुणिले बॅटरीचे व्होल्ट, गुणिले पिनियनचे दात, भागिले मेन गिअरचे दात. ३५०० केव्ही, ११.१ व्होल्ट, १३ दातांचा पिनियन आणि १५० दातांचा मेन गिअर असेल तर सुमारे ३३६७ येतात. ओझ्याखाली यातले ८५ टक्के हाती लागतात असं धरलं तर साधारण २८६०. ही त्या मोटरची मर्यादा. आरामात शिकायला २४०० मागा, गव्हर्नरकडे श्वास घ्यायला जागा राहते.

शेपूट झटका देते म्हणून जायरोचा गेन (संवेदनशीलता) खालीवर करत बसणारे खूप भेटतात. पूर्ण पिच देताच शेपूट एका बाजूला जाऊन परत येत असेल, तर आधी हेडस्पीड बसतो का ते बघा. शंभरातल्या बहुतेक केसेसमध्ये जायरो निर्दोष असतो आणि थ्रॉटल कर्व्ह अपराधी. शेपटीची दिशा स्वतःच धरून ठेवणारा हेडिंग-होल्ड जायरो असेल तर ट्रान्समीटरमधलं रेव्हो मिक्सिंगही (पिच बदलला की शेपटीला आपोआप भर देणारी सोय) बंद हवं, नाहीतर दोघं एकाच शेपटीसाठी भांडतात.

नागपूरची हवा

परदेशातल्या मॅन्युअलमधले आकडे इथे जसेच्या तसे का बसत नाहीत, याचं उत्तर आपल्या हवेत आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. ही उंची फार नाही. पण तापमान बघा: नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे १० च्या आसपास असतो. गरम हवा विरळ असते. जानेवारीच्या त्या सकाळी एका घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो भरेल, तर मेच्या दुपारी १.०७ च्या जवळपास. म्हणजे पात्याच्या हाताला हवाच सुमारे ११ टक्के कमी लागते.

याचा परिणाम असा, की जे मॉडेल जानेवारीत साडेपाच डिग्रीवर तरंगतं, त्याला त्याच फेऱ्यांवर मेमध्ये सहाच्या आसपास पिच लागतो. किंवा पिच तोच ठेवायचा तर फेरे सुमारे ६ टक्के वाढवावे लागतात, २६०० चे साधारण २७५०. मी स्वतः फेरे वाढवत नाही, कारण मेमध्ये मोटर आणि ईएससी आधीच तापलेले असतात. स्टिक थोडी वर ठेवून उडवतो आणि उड्डाण लहान ठेवतो.

लोकांच्या लक्षात न येणारी बाजू हिवाळ्याची आहे. मेमध्ये वरचा पिच ताणून ११ डिग्रीवर बसवला आणि सगळं छान चाललं, कारण विरळ हवेत पात्याला ओढही कमी होती. तीच सेटिंग जानेवारीत गार, दाट हवेत तेवढ्याच पिचला ११-१२ टक्के जास्त ताकद मागते. वरून गारठलेली लिपो बॅटरी व्होल्टेज सोडते. पहिल्याच झेपेला रोटर बसतो आणि माणूस मोटर खराब झाली म्हणून दुकान गाठतो. खरं तर वरच्या टोकाचा पिच एक डिग्री उतरवला आणि बॅटरी खिशात ठेवून थोडी ऊबदार केली की काम होतं. पावसाळ्यातली दमट हवाही थोडी हलकी असते, पण तो फरक हाताला जाणवण्याइतका नसतो.

नायट्रोवाल्यांना आणखी एक पायरी आहे. गार दाट हवेत इंजिनला जास्त ऑक्सिजन मिळतो, म्हणून मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. हिवाळ्यात मेन नीडल (इंधन किती सोडायचं ते ठरवणारा पेच) थोडी उघडावी लागते. मिश्रण जुळल्याशिवाय थ्रॉटल कर्व्हला हात लावू नका, दोन्ही दोष आवाजात सारखेच ऐकू येतात.

उन्हाळ्यात बॅटऱ्या बंद कारमध्ये ठेवू नका. उड्डाणानंतर सेल ३.७ व्होल्टच्या जरा वर राहील असा टायमर लावा, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ च्या जवळ आणून ठेवा.

उडवायची जागा निवडताना सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनेचा परिसर लक्षात घ्या. ड्रोन नियम २०२१ नुसार कुठल्या भागात काय चालतं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसतं, वावराच्या मालकाची परवानगी घ्यायच्या आधी तो नकाशा बघा. आणि संक्रांतीच्या आसपास गावात हेलिकॉप्टर बाहेर काढूच नका. तुटून लोंबणारा नायलॉन मांजा दिसत नाही, मेन शाफ्टला गुंडाळला की स्वॉशप्लेट जागीच अडकते.

थ्रॉटल होल्डचा स्वतंत्र कर्व्ह

होल्डचं बटण मोटर बंद करतं, पण पिच तुमच्या हातात राहतो, आणि त्याला आपला वेगळा कर्व्ह असतो. हवेत मोटर बंद पडली तर खाली येताना पात्यांमधून वर घुसणारी हवा रोटर फिरवत ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात. त्यासाठी तळाशी उणे ४ ते ५ पुरतात. त्याहून जास्त दिले तर मॉडेल दगडासारखं येतं. वरच्या टोकाला मात्र इथे १२ डिग्रीपर्यंत जायला हरकत नाही, कारण मोटरवर ओझं पडायचा प्रश्नच नाही. जमीन जवळ आली की रोटरमध्ये साठलेला वेग तुम्ही याच वरच्या पिचने खर्च करता. तो खर्च एकदाच करता येतो. फार वर असतानाच पिच ओढला तर फेरे संपतात आणि शेवटचे दोन मीटर हेलिकॉप्टर नुसतं पडतं.

सराव करायचा असेल तर ईएससीमध्ये बेलआउटची (मोटर पटकन पुन्हा वेगात आणायची) सोय आहे का आणि ती चालू आहे का, हे आधी बघा. ती नसेल तर होल्ड काढल्यावर मोटर सॉफ्ट स्टार्टने हळूहळू वेग घेते, आणि तेवढ्यात जमीन आलेली असते.